'सातेरी कृपा' पाण्यात जाईपर्यंत

होडी पहिल्यांदा पाहिली ती १२ फेब्रुवारी २०२३ रोजी, रविवारी. वाघोटण खाडीच्या काठाला आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घराची वास्तुशांत होती. पानं मांडायला अवकाश होता म्हणून मागच्या दाराने खाडीकडे उतरले, तर तिवरांच्या घोळक्यातून एक नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर आलेली दिसली. मागे बाकीची होडी होती. निम्मी चिखलात, आत पावसाचं जुनं पाणी, त्यात खेकडे. रंग उडाला होता, पण नाव वाचता येत होतं: सातेरी कृपा.

मी तळेऱ्याच्या बाजूला हायस्कुलात गणित शिकवते. समुद्राशी संबंध म्हणाल तर रत्नागिरीत कॉलेजला असताना एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते. तिथे व्हेलर नावाची सत्तावीस फुटी शिडाची बोट असते. तिच्यावर तीन वर्षं वल्ही मारली, शीडही सांभाळलं. पुढची पंचवीस वर्षं पाण्याकडे एसटीच्या खिडकीतूनच पाहिलं. त्यामुळे 'बाईंना अचानक काय झालं' हा प्रश्न घरच्यांना आणि शाळेला पडला तो रास्तच होता. मलाही पडला होता.

जेवताना चौकशी केली. होडी शेजारच्या वाडीतल्या एका काकींच्या घरची. सासऱ्यांच्या काळात ती शिडावर मासेमारीला जायची. पुढे घरात इंजिनवाली फायबरची होडी आली आणि ही बारा वर्षं तशीच पडून राहिली. काकी म्हणाल्या, "सरपणाक पण कोणी नेणत नाय. तुमी घेतास तर घेवा. पण नाव बदलूचा नाय."

पुढच्या रविवारी होड्या बांधणाऱ्या एका मेस्त्रींना सोबत नेलं. वय सत्तरीच्या आसपास, एका कानाने कमी ऐकू येतं, हातात फक्त हातोडी आणि एक दाभण. लाकडी होडी घ्यायचा विचार असेल तर एवढी एक गोष्ट कराच: पैशांची बोलणी करण्याआधी जाणता सुतार न्या आणि त्याला त्याच्या वेळाने होडी बघू द्या. मेस्त्रींनी दीड तास घेतला. हातोडीने फळीफळी ठोकत गेले. जिथे ठण्ण वाजलं तिथे पुढे सरकले, जिथे भद्द वाजलं तिथे दाभण टोचली. काही ठिकाणी दाभण लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत गेली. एक फळी त्यांनी फोडून दाखवली. बाहेरून धडधाकट, आतून पेन्सिलीएवढ्या बोगद्यांनी पोखरलेली, बोगद्यांना आतून चुन्यासारखं पांढरं अस्तर. हे टेरेडोचं काम. दिसायला अळी, पण जात शिंपल्याची, आणि खाऱ्या पाण्यातलं लाकूड हेच तिचं घर. वरच्या फळ्यांचा शत्रू मात्र वेगळा. तिथे पावसाचं गोडं पाणी साचून लाकूड कुजलं होतं. खारं पाणी लाकूड टिकवतं आणि गोडं कुजवतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मेस्त्रींचा निकाल असा: पठाण, म्हणजे होडीच्या पाठीचा कणा, शाबूत आहे. वाक, म्हणजे बरगड्या, सहा बदलाव्या लागतील. फळ्या नऊ. "कणो बरो आसा. बाकी सगळा बदलूक येता." होडीची लांबी बावीस फूट, रुंदी मधोमध सहा फुटांना थोडी कमी.

काकींच्या दिरांनी साठ हजार सांगितले. पस्तीस हजारांवर तोडलं, पाच हजार विसार दिला आणि स्टँप पेपरवर लिहून घेतलं. तेव्हा शंभरचा स्टँप चालला. ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा लागतो, ते धरून चाला. घरी माझा अंदाज लाखभराचा होता. यजमान पतसंस्थेत आहेत. त्यांनी वहीत 'होडी' असं पान उघडलं, वर एक लाख लिहिलं आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह काढलं.

मार्चमध्ये कामाला लागू असं मला वाटत होतं. लागलो ऑक्टोबरच्या शेवटी.

कारण कागद. होडी मासेमारीच्या नोंदीत होती आणि नोंद काकींच्या सासऱ्यांच्या नावावर. ते २०११ साली वारले. विकत घ्यायची तर वारसांची संमती हवी, आणि मासेमारीची जुनी नोंद रद्द झाल्याशिवाय हौशी होडी म्हणून बंदर खात्याकडे नवीन अर्ज करता येणार नाही, असं मला सांगण्यात आलं. मी धरून चालले होते की वारस म्हणजे तीन मुलगे. देवगडच्या वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मुली नव्हत्या त्यांना?" होत्या, दोन. एक वास्कोला, एक पाचलला. थोरले मुलगे, म्हणजे काकींचे यजमान, वारलेले. त्यांच्या जागी काकी आणि त्यांचा मुलगा. धाकटे दीर भांडुपला. एकूण सह्या सहा, गावं चार. सासरी गेलेल्या मुलींना या हिशोबातून वगळू नका. पुढे कुणी हरकत घेतली तर दुरुस्त केलेल्या होडीवर घेईल, चिखलातल्या नव्हे.

सहाही जणांना एका दिवशी एका टेबलापाशी कसं आणायचं? मी एप्रिलमध्ये फोन केले, मे महिन्यात केले, जूनमध्ये केले. भांडुपचे भाऊ प्रत्येक वेळी एकच सांगायचे, "गणपतीक येतंय तेवा करूया." मला राग यायचा. मग लक्षात आलं की चाकरमान्याची ती एकच तारीख पक्की असते, आणि गौरीला मुलीही माहेरी येतात. २०२३ची गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. २१ तारखेला, गौरी यायच्या दिवशी सकाळी, दोन रिक्षा करून सगळे देवगडला गेलो. नोटरींच्या स्वतःच्या घरी गणपती होता, तरी त्यांनी अर्धा तास काढला. वास्कोच्या ताईंनी सही करायच्या आधी संपूर्ण कागद मोठ्याने वाचला. 'होडीवर आमचा कोणताही हक्क राहणार नाही' या ओळीला थांबल्या आणि म्हणाल्या, बाबांनी पहिल्यांदा समुद्रात नेलं ते हिच्यावरूनच. मग सही केली. उरलेले तीस हजार मी तिथेच दिले. सहांनी ते कसे वाटून घेतले ते मी विचारलं नाही.

नोंद रद्द करण्याच्या अर्जाला वारसांचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, जुन्या परवान्याची प्रत आणि होडीचे चार बाजूंनी फोटो जोडले. जुना परवाना काकींच्या देवघरात, तसबिरीच्या मागे मिळाला. एका कचेरीत फाईल 'वर गेली आहे' असं तीन वेळा ऐकलं. वर म्हणजे कुठे ते कळलं नाही, कारण इमारत एकमजली होती. या खेपांमधला माझा एकच अनुभव सांगण्याजोगा: आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय अर्ज सोडून येऊ नका, आणि क्रमांकाचा फोटो काढा. तिसऱ्या खेपेला त्या फोटोमुळेच फाईल सापडली. स्टँप, नोटरी, झेरॉक्स आणि स्कूटरचं पेट्रोल धरून कागदांचा खर्च ६,४०० रुपये.

आता होडी चिखलातून काढायची. आजूबाजूला बारा वर्षांत तिवरं वाढली होती. तिवरं, म्हणजे कांदळवन, तोडणं हा गुन्हा आहे. २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर कुणी फांदीलाही कोयता लावत नाही, आणि लावूही नये. जेसीबी तिथवर येणार नव्हता. आला असता तरी जुन्या होडीला लोखंडी दात म्हणजे शेवटच. मेस्त्री म्हणाले, हाडलान पाण्यान, न्हेतला पाणीच. म्हणजे आणलं पाण्याने, नेणारही पाणीच.

इथे गणिताच्या बाईंना गणित शिकायला मिळालं. खाडीकाठची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून सुरुवात. मुंबईला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. आमच्याकडे उधाणालाही दोन-अडीच मीटरच, म्हणून उधाणाचा दिवस चुकवून चालत नाही. भांगाच्या, म्हणजे दोन उधाणांमधल्या कमी भरतीला पाणी होडीपर्यंत पोचतही नव्हतं.

कोजागरी २८ ऑक्टोबरला होती, पण त्या रात्री चंद्रग्रहण. मेस्त्रींनी साफ नकार दिला. मग २९, रविवार, प्रतिपदा. सकाळच्या ओहोटीला आठ माणसं चिखलात उतरली. होडीच्या दोन्ही अंगांना, जितकं खाली जाईल तितकं खाली, दोनशे लिटरचे आठ निळे ड्रम बुचं घट्ट लावून बांधले. ओला नायलॉनचा दोर हातात टिकत नव्हता. एक ड्रम सुटून वर उसळला आणि माझ्या पुतण्याच्या हनुवटीला लागला, तीन टाके पडले. (टाके घालून तो परत आला तोवर होडी निघाली होती. त्याचा राग अजून गेलेला नाही.) मग सगळे बांधावर बसून भाकरी खात पाणी चढायची वाट बघत राहिलो. आधी ड्रम करकरले. दोर ताणले गेले. बराच वेळ काहीच झालं नाही. आणि सव्वाबाराच्या सुमारास चिखलातून एक लांब, ओला, चुंबकासारखा चिकटलेला आवाज आला, जसा लहान मूल पायातला गमबूट ओढून काढताना येतो. मागची बाजू वीतभर उचलली. कुणी ओरडलं नाही. मेस्त्रींनी फक्त हात वर केला आणि आम्ही दोर ओढायला लागलो. दोन वाजायच्या आत ती काकींच्या माडांखाली कोरड्यावर होती. ड्रमचं भाडं, मजुरी आणि जेवण मिळून ४,५०० रुपये. टाके वेगळे.

लाकडाचं प्रकरण मी थोडक्यात सांगते, कारण त्यात माझा दीड महिना वाया गेला. फळ्यांना साग आणि वाकांना ऐन, असं मेस्त्रींनी सांगितलं. आमच्या माहेरच्या जमिनीत वादळात पडलेला एक ऐन होता, उत्तम बाक असलेला. वाकाला सरळ लाकूड कापून गोलाई देत नाहीत, तसं केलं तर रेषा तुटतात. झाडालाच जिथे नैसर्गिक बाक आहे तो भाग निवडतात. मेस्त्री म्हणायचे, "सरळ लाकूड घरवाल्यांचा, वाकडा आमचा." पण साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडं वृक्षतोडीच्या १९६४च्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक पास. पडलेलं झाड असलं तरी अर्ज हवाच, आणि अर्जाला सातबारा. आमचा सातबारा सामाईक, नावं तेवीस. होडीच्या सहा सह्यांना सात महिने लागले होते. मी त्रैराशिक मांडलं आणि तो नाद सोडला. वखारीतून बिल आणि पासासकट माल घेतला: साग १४ घनफूट, ३,८०० रुपये दराने ५३,२०० रुपये, आणि ऐन ३ घनफूट ४,८०० रुपयांना. बिल जपून ठेवा. टेम्पो वाटेत अडवला गेला तेव्हा त्या कागदानेच सोडवलं.

काम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत चाललं. मेस्त्रींचे ५८ दिवस, ११०० रुपये रोज. त्यांच्या हाताखालच्या मुलाचे ४१ दिवस, ७०० रुपये रोज. सलग नव्हे. मध्ये मेस्त्रींकडे लग्न, मग जत्रा, मग त्यांचा गुडघा. मी शनिवार-रविवार जायचे. पडेल कॅन्टीन नावाच्या नाक्यावर चहा, आणि नऊच्या आत होडीपाशी. माझं काम म्हणजे घासणं, तेल लावणं, खिळे काढणं. जुना खिळा ओढून काढायचा नसतो, हे तीन फळ्यांच्या कडा फोडल्यावर शिकले. आतून आधी वाकवलेलं टोक सरळ करायचं, मग बारीक पंचाने आतून बाहेर ठोकायचा. नवीन खिळ्यांना आधी गिरमिटाने भोक पाडायचं, नाहीतर साग चिरतो.

होडीवर झावळ्यांचा मांडव होता आणि फळ्यांवर रोज पाणी शिंपडायचं होतं. उन्हात लाकूड तडकतं म्हणून. काकींनी हे काम न सांगता अंगावर घेतलं. तुळशीला पाणी घातलं की उरलेली कळशी होडीला.

फळी वाकवण्याचा दिवस मात्र मी रजा टाकून पाहिला. नाळेजवळची फळी एकाच वेळी वळतेही आणि पिळतेही. सव्वा इंच जाडीचा साग असा कसा वळणार? मेस्त्रींनी सोडणांचा जाळ केला. नारळाच्या सोडणाचा जाळ धुमसत राहतो, भडकत नाही, म्हणून तोच. फळीचं एक टोक दोन माडांच्या मध्ये अडकवलं, दुसऱ्या टोकाला दगड बांधलेली दोरी. वरच्या अंगाला मुलगा ओल्या फडक्याने पाणी लावत राहिला, खालच्या अंगाला धग. मेस्त्री तळवा फळीवरून फिरवत होते, आजारी माणसाचं कपाळ बघावं तसा. वीस मिनिटं, तीस मिनिटं. लाकडातून बारीक फुसफुस आवाज येऊन कडेला फेस आला, आणि दगड हळूहळू, कुणी खाली ठेवत असल्यासारखा, जमिनीकडे यायला लागला. "आता पळा." गोणपाटात धरून चौघांनी ती गरम फळी होडीला नेऊन लावली, शिकंजे आवळले. थंड व्हायच्या आत खिळे बसायला हवेत, पाचेक मिनिटांची मुदत. दुसरी फळी त्याच दिवशी वाकवताना तडकली. तीन हजारांचा सागाचा तुकडा. मेस्त्री काहीच बोलले नाहीत, दुपारचं जेवलेही नाहीत. संध्याकाळी म्हणाले, गाठ माझ्या नजरेतून सुटली.

फटी भरायचं काम त्यांनी मला शिकवलं. कापसाची सैल दोरी करायची, तेलात भिजवायची, बोथट छिन्नीने फळ्यांच्या सांध्यात ठासायची आणि वरून तेलात उकळलेली राळ. मला वाटलं, जितका कापूस जास्त तितकं बरं. मी पहिले सहा फूट असे दाबून भरले की मेस्त्रींनी ते सगळे उकरून काढायला लावले. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगणार. फटीत जागा नसेल तर फुगलेली फळी खिळे उपटते. म्हणून हलका हात. हातोडीचा आवाज बदलला की थांबायचं.

बरगड्या आणि फळ्या झाल्यावर शीड. इथे माझा शहाणपणा नडला. जुनं शीड उंदरांनी खाल्लं होतं, पण मापं मिळाली होती. कॅनव्हासचं कापड आणलं आणि कणकवलीत रिक्षाची हूडं शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेतलं. जाड कापड ओढणारं मशीन त्याच्याकडेच असतं, ही कल्पना मात्र चांगली निघाली. मी त्याला अचूक चौकोनी पट्टे आखून दिले होते. शीड सपाट झालं, दाराच्या पडद्यासारखं. वाऱ्यावर धरलं तर नुसतं फडफडलं. वाडीतले एक जुने तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, ऐंशीच्या पुढचे, ते बघून हसत सुटले. शिडाला पोट लागतं. प्रत्येक पट्ट्याची कड किंचित फुगीर कापून जोडली की कापडात पोट तयार होतं. त्यांनी अंगणात कोळशाने वळण काढून दिलं. सगळं उसवलं, पुन्हा शिवलं. कारागिराने दुसऱ्या शिवणीचे निम्मेच पैसे घेतले. तांडेलांच्या सांगण्यावरून शीड ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवलं. पूर्वी सुती जाळी अशीच रंगवत, कापड कुजत नाही. आमच्या परसातला कपडे वाळत घालायचा दोर अजून तपकिरी आहे. डोलकाठी सुरूची, परबाण, म्हणजे शीड बांधायची तिरकी काठी, बांबूचं. शीड, दोर, काठ्या, कप्प्या मिळून २६,१५० रुपये.

नवीन नोंदणीसाठी माझ्याकडून मागितलं गेलं ते असं: विक्रीचा कागद, जुनी नोंद रद्द झाल्याचं पत्र, काम करणाऱ्या मेस्त्रींचं लेखी निवेदन, आधार, फोटो, आणि प्रत्यक्ष मोजमाप. लाइफ जॅकेटं आणि गोल रिंग आधीच घेऊन ठेवली होती (७,७०० रुपये), ती तपासणीच्या वेळी बघितली गेली. मोजायला आलेल्या साहेबांनी टेप लावली, मग होडीभोवती एक फेरी मारली आणि मोबाइलवर स्वतःसाठी फोटो काढला. सागरी पोलीस ठाण्यात जाऊन नाव, नंबर आणि आम्ही कुठवर जाणार हे लिहून दिलं. विमा मात्र मिळाला नाही. लाकडी आणि शिडाची म्हटल्यावर एजंटने फोन ठेवून दिला.

पाण्यात टाकायचा दिवस ठरला २३ एप्रिल २०२४, चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती. नाळेला हळदकुंकू, नारळ, आणि मेस्त्रींनी गाऱ्हाणं घातलं. "बाय सातेरी, बा रामेश्वरा, ह्या लेकरान आज होडी पाण्यात घातल्यान हा. तिका वाऱ्यावादळातसून सांबाळ रे म्हाराजा!" आणि सगळ्यांनी, "व्हय म्हाराजा!" माडाच्या ओंडक्यांवरून ती घसरत गेली. साडेअकराला तरंगली.

आणि पावणेबाराला बुडायला लागली.

हे मला माहीत होतं. मेस्त्रींनी दहा वेळा सांगितलं होतं. तरीही प्रत्येक सांध्यातून आत येणाऱ्या पाण्याच्या रेघा बघून पोटात गोळा आला. मी बादली उचलली. मेस्त्रींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "बाई, लाकूड पाणी पिता, तवसर थांबूक व्हया. बुडांदे." होडी उथळ पाण्यात चारी बाजूंनी बांधलेली होती. दुपारपर्यंत ती बसायच्या फळ्यांपर्यंत भरली. यजमान वही घेऊन आले होते, ती त्यांनी उघडली नाही. ती रात्र मी काकींच्या ओटीवर काढली. दर भरतीला बॅटरी घेऊन बघायला जायचे आणि दर वेळी फक्त नाळ आणि मागची बाजू दिसायची, जशी पहिल्या दिवशी दिसली होती.

चौथ्या दिवशी ओहोटीला पाणी उपसलं. भरती आली. आत पाणी आलं, पण झिरपून. दिवसाला दोन बादल्या. आठवड्याने अर्धी. एका सांध्यात मात्र धार थांबेना. मी शिकण्याआधी भरलेल्या सहा फुटांपैकीच तो होता, उकरताना एक हातभर राहून गेला असणार.

पहिली फेरी मे महिन्यातल्या एका रविवारी. होडी स्थिर राहावी म्हणून तळाला नीरम, दोनशे किलो दगड, मी सुकाणूवर, पुतण्या दामणीवर, म्हणजे शिडाच्या दोरावर, तांडेल मध्ये बसलेले. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू झाला आणि शीड भरलं. त्या तपकिरी कापडाला पोट आलं, होडी कलली, नाळेखाली पाणी बोलायला लागलं. वीस मिनिटं मी काही बोलले नाही. मग वळायची वेळ आली, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची एनसीसी हातात जागी झाली. व्हेलरसारखं नाक वाऱ्यात घातलं. या शिडाला ते चालत नाही. परबाण डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला न्यावं लागतं, त्यासाठी वाऱ्याला पाठ देऊन फिरायचं. शीड काठीला चिकटलं, होडी उभी राहिली, ओहोटी आम्हाला घेऊन गेली आणि एका पुळणीवर अलगद ठेवून दिलं. तांडेल म्हणाले, "आता चार तास हयच." पाणी उपसायची बादली घेऊन आम्ही खाली उतरलो आणि पुळणीवर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरत बसलो. बादली भरली. रात्री साडेनवाला घरी पोचलो. यजमानांनी तिसऱ्यांची किंमत वहीत जमेच्या बाजूला लिहिली, रुपये दोनशे.

नंतर अशा चार फेऱ्या झाल्या. दोनदा नीट वळलो. पर्यटकांच्या होड्या २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. आम्ही त्याआधीच, २४ मेच्या उधाणाला, 'सातेरी कृपा' वर ओढून घेतली. वहीतली बेरीज २,५१,५५० रुपये.

झावळ्या शाकारून झाल्यावर मेस्त्री म्हणाले, पावसाचं पाणी आत गेलंच तर ते गोडं राहू द्यायचं नाही, तळाला खडेमीठ टाकून ठेवा. तळेऱ्याच्या दुकानात तीस किलो मागितलं. दुकानदाराने मापाखाली पोतं लावत विचारलं, "बाई, एवढा मीठ? यंदा सुकी मासळी घालतास काय?"

मी हो म्हटलं.